टोपी काढणारी गाडी

ओइवा पोइकेला आणि आर्मास यांची पहिली भेट चांगली पाऊण तास चालली, आणि त्या पाऊण तासात दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचं तोंड पाहिलं नाही.

एकेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पार उत्तरेतल्या केलोपेरा गावच्या दलदलीतून सात किलोमीटर सरळसोट रस्ता जातो, त्या रस्त्यावरची डिसेंबरातली सकाळ. म्हणजे काळाकुट्ट अंधार. एका टोकाने टपालाच्या पिशव्या घेऊन नवा टपालवाला ओइवा निघाला होता, दुसऱ्या टोकाने रेनडिअरचा चारा घेऊन आर्मास. दोघांचे दिवे अप्परवर. दोघंही तेविशीतले, त्यामुळे डिपर आधी समोरच्याने द्यावा याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. सात किलोमीटर कोणीच दिला नाही. गावात अजून सांगतात की त्या सकाळी एवढा उजेड पडला की पाइनवरचं घुबड उन्हाळा लागला असं समजून झोपी गेलं, हिवाळ्यासाठी पांढरे झालेले दोन ससे परत तपकिरी व्हायला लागले आणि आताच्या लेम्पीआजीच्या ज्या कोंबड्या ऑक्टोबरपासून नुसत्या बसून होत्या त्यांनी एकेक अंडं घातलं. अखेर दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. दोघांनी इंजिनं बंद केली, दिवे मात्र चालू ठेवले. पाऊण तासाने दोघांच्या बॅटऱ्या एकाच क्षणी संपल्या आणि दलदलीवर परत रात्र पडली.

"तुझा आधी विझला," अंधारातून एक आवाज आला.

"माझा नाही. तुझा."

"माझी बॅटरी नवी आहे."

"नवी असती तर टिकली असती."

बाहेर उणे एकतीस होतं. अशा थंडीत दोन माणसं फार वेळ भांडू शकत नाहीत, ओठ साथ देत नाहीत. बर्फ काढणारी गाडी आली, तिने दोघांना एकाच दोराने ओढत आर्मासच्या आईच्या अंगणात नेऊन सोडलं. तिथे कॉफी होती, आणि कॉफी ओतायला आर्मासची बहीण हेल्का होती. पुढच्या उन्हाळ्यात ओइवाने हेल्काशी लग्न केलं, आणि आर्मास त्याला दाजी म्हणायला लागला.

केलोपेरात डिपर देण्याला डिपर देणं म्हणत नाहीत. ‘टोपी काढणं’ म्हणतात. तिथल्या हिवाळ्यात गाडीतला माणूस दिसत नाही, नुसते दोन दिवे दिसतात, तेव्हा माणसाची सगळी रीतभात त्या दिव्यांतच येते. कोण टोपी लांबून काढतो, कोण अगदी तोंडासमोर आल्यावर, कोण काढून लगेच घालतो, यावरून सोयरिका ठरल्या आहेत आणि मोडल्याही आहेत. दोनदा लुकलुकलं तर पुढे रस्त्यावर रेनडिअर उभे आहेत. तीनदा लुकलुकलं तर थांब, थर्मासमध्ये कॉफी आहे.

या भाषेत ओइवाचा हात धरणारा कोणी नव्हता. रोज एकशे बारा किलोमीटर टपाल वाटणारा माणूस, त्याचं डावं मधलं बोट स्टिअरिंगजवळच्या दिव्याच्या दांडीवर असं ठेवलेलं असायचं जसं दुसरा कोणी पेटीच्या पट्टीवर ठेवेल. धर्मगुरूंसाठी तो टोपी सावकाश काढायचा. दुकानवाल्यासाठी नेमस्त. परगावच्या ट्रकसाठी काढायचा, पण त्यात मन नसायचं, आणि ते ट्रकवाल्याला कळायचं असा त्याचा दावा होता. हेल्का म्हणायची की लग्नानंतर पहिल्या चार वर्षांत हा माणूस घरात मिळून जेवढं बोलला नसेल तेवढं एका सकाळी दिव्यांनी बोलत असेल.

असा माणूस एका सकाळी दिवा वाचायला चुकला. त्याला एकोणीस हिवाळे झाले.

त्याचं असं झालं की आदल्याच दिवशी ओइवाने गाडीला नवे बल्ब बसवले होते आणि ते थोडे वर तोंड करून बसले होते. त्या सकाळी तीन ट्रकवाले त्याच्यावर दोनदा लुकलुकले होते. ट्रकवाले परगावचे, त्यांच्या भाषेत दोनदा म्हणजे ‘अडाण्या, दिवे खाली घे’. ओइवाने दिवे आधीच खाली घेतलेले होते. तिसऱ्या ट्रकनंतर त्याचे कान तापले. आणि चौथा समोरून आला तो आर्मास. ओइवाने त्याला टोपी काढली, नेहमीसारखी, लांबून, मानाने. आर्मास दोनदा लुकलुकला.

ओइवाला वाटलं, आता घरचाही मला शिकवायला लागला. त्याने अप्पर पेटवून आर्मासच्या डोळ्यांत नेमका घातला आणि परिणाम बघायला आरशात पाहिलं. आरशात बघत असतानाच त्याने रस्त्यात उभ्या असलेल्या फौजदाराला उडवलं.

फौजदार हा आर्मासचा रेनडिअर. गळ्यात घंटा बांधून कळपाच्या पुढे चालायचा, आणि चेहरा तालुक्याच्या पोलीस अधिकाऱ्यासारखा होता म्हणून गावाने ते नाव दिलं होतं. आर्मासने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

झालं ते झालं असं कदाचित झालंही असतं. पण दोन दिवसांनी आर्मास दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर, आठ माणसांसमोर म्हणाला, "ज्याला दिवा वाचता येत नाही, त्याच्या हातात गावाने पत्रं दिलीत."

हे ओइवाच्या कानावर दुपारच्या आत सहा वेळा आलं.

त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना टोपी काढली नाही. ओइवा टपाल घेऊन यायचा, आर्मास कुंपणातल्या रेनडिअरना चारा घालायला जायचा, दोघंही सकाळी सव्वासातला त्याच सरळ रस्त्यावर यायचे, आणि रोज, अंधार असेपर्यंत, एकमेकांना पूर्ण अप्पर देऊन आंधळं करत पुढे जायचे. आर्मासने त्यासाठी काळा चष्मा घेतला. सूर्य महिनाभर उगवत नाही अशा मुलखात काळा चष्मा लावून गाडी चालवणारा तो एकटाच. दर रविवारी हेल्का पायाने रेटत चालवायची घसरगाडी घेऊन भावाकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची. एकाने दुसऱ्याबद्दल तिला कधी काही विचारलं नाही. दोघंही नुसते ती परत येईपर्यंत खिडकीशी बसायचे.

गेल्या नोव्हेंबरात ओइवाची जुनी गाडी गेली. पाच लाख ऐंशी हजार किलोमीटर झाले होते. लेम्पीआजीच्या पत्रपेटीसमोर ती उभी राहिली आणि पुन्हा हलली नाही. चौसष्टाव्या वर्षी, निवृत्तीला एकच हिवाळा उरला असताना, ओइवाला नवी गाडी घ्यायला रोवानिएमी शहराला जावं लागलं.

विक्रेता तरुण होता आणि त्याचे बूट इतके पातळ होते की ओइवाला त्याच्या पायांची काळजी वाटत राहिली.

"हेडलाइटचं तुम्हाला काही बघायला नको," विक्रेता म्हणाला. "आरशाच्या मागे कॅमेरा आहे. समोर गाडी दिसली की अप्पर आपोआप खाली येतो. गाडी गेली की आपोआप वर."

"कोणाची गाडी?" ओइवाने विचारलं.

"कोणाचीही."

"तिला कळतं का, कोणाची आहे ते?"

"काका, तिला फक्त दिवा कळतो."

"म्हणजे तिला काहीच कळत नाही," ओइवा म्हणाला. पण हेल्का तोवर गरम होणाऱ्या सीटवर बसली होती आणि उतरायला तयार नव्हती, त्यामुळे त्याने सही केली.

पहिल्या सकाळी गाडीने बर्फ काढणाऱ्या गाडीला टोपी काढली. ठीक काढली, ओइवालाही मान्य करावं लागलं. दुकानवाल्याला काढली. एका ट्रकला काढली, आणि ओइवाच्या मते जरा जास्तच आदराने काढली. त्याचं बोट दांडीवर आपलं उगाच बसून होतं. एकशे बारा किलोमीटरांची नोकरी जाऊन त्याला बाकावर बसवलं होतं.

मग दलदलीचा सरळ रस्ता आला. लांबून दोन दिवे आले, डावा किंचित पिवळसर. आर्मास. ओइवा जरा सावरून बसला, एकोणीस वर्षांच्या सवयीने छाती काढली, आणि पूर्ण अप्पर घेऊन निघाला.

चारशे मीटरांवर गाडीने टोपी काढली.

ओइवाने खाली बघितलं. समोर बघितलं. दिवे गरिबासारखे खाली मान घालून चालले होते. एकोणीस हिवाळे त्याने जे दिलं नव्हतं ते या कालच्या गाडीने, त्याला न विचारता, त्याच्याच नावाने देऊन टाकलं होतं. त्याने दांडी ढकलली, वळवली, परत ढकलली. काच धुणारं पाणी उडालं, मागचं वायपर चालू झालं, पण दिवे वर आले नाहीत. समोरचे दिवे तसेच अंगावर येत राहिले, आणि मग, अगदी जवळ आल्यावर, डगमगल्यासारखे झाले आणि खाली गेले.

आर्मासने टोपी काढली होती.

ओइवाने तो दिवस टपाल चुकीच्या पेट्यांत टाकत काढला. घरी आला तेव्हा हेल्का ओट्याशी पाठ करून उभी होती.

"आर्मासचा फोन होता," ती म्हणाली.

"हं."

"विचारत होता, तू आजारी आहेस का."

"मी कशाला आजारी असेन?"

"म्हणाला, दाजीने आज टोपी काढली. म्हणजे डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं असणार."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, सकाळी दोन वाट्या लापशी खाऊन गेलाय, धडधाकट आहे. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, म्हणजे त्याने मनानेच काढली."

ओइवाने तोंड उघडलं. सांगायचं फक्त एवढंच होतं: मी नाही, गाडीने. हेल्काने नळ सोडला होता. पाणी वाहत होतं आणि त्याच्याखाली एकही भांडं नव्हतं. ओइवाने तोंड मिटलं.

रविवारी या वेळी हेल्का भावाकडे गेली नाही. भाऊ आला. एकोणीस वर्षांत न चढलेल्या पायऱ्या चढून, बूट दारात काढून, कागदात गुंडाळलेली धुरावलेली रेनडिअरची जीभ टेबलावर ठेवून आर्मास खुर्चीवर बसला. पहिली कॉफी संपेपर्यंत कोणी बोललं नाही. त्या मुलखात याला उत्तम सुरुवात म्हणतात.

"दाजी," आर्मास म्हणाला.

"हं."

"जाड झालायस."

"तू म्हातारा झालायस."

"तुझ्या दिव्यांनी झालो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वेल्डिंग करता का? म्हटलं, नाही, मेहुणा आहे."

हेल्काने दुसरी कॉफी ओतली आणि कॉफीत बुडवायचं चीज कापायला घेतलं. ती दोघांकडेच बघत कापत होती, त्यामुळे तुकडे तिरपे आले.

"दोनदा लुकलुकलो होतो मी," आर्मास म्हणाला. "फौजदारासाठी."

"माहीत आहे. नंतर कळलं."

"दुकानात मी जे बोललो ते बोलायला नको होतं. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. पण आधी मी यायचं म्हणजे…" त्याने चीजचा तुकडा कपात सोडला. "दाजी, तू आधी काढलीस. तुझ्या जागी मी असतो तर काढली नसती. मी रोज ठरवायचो, आज काढायची, आणि सहाशे मीटरांवर हात लाकडाचा व्हायचा. तुझा कसा हलला?"

हीच वेळ होती. ओइवालाही ते कळत होतं. जीभ पातळ कापून बशीत मांडली होती, खारट, मऊ, आणि त्याच्या तोंडात तिचाच एक तुकडा होता.

"हलला आपला," ओइवा म्हणाला.

पुढचे सहा आठवडे दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे वागले. शनिवारी वाफेचा सॉना, रविवारी गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासेमारी, ज्यात मासे कमी आणि थर्मास जास्त. एकोणीस वर्षांत साठलेल्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या होत्या. त्या सगळ्या मिळून साधारण दोन तासांच्या निघाल्या, पण त्यांनी पुरवून पुरवून सांगितल्या. सव्वासातला सरळ रस्त्यावर आर्मास आता सातशे मीटरांवरूनच टोपी काढायचा. शर्यत लावल्यासारखा. ओइवाची गाडी आपल्या चारशेवर काढायची, आणि आर्मास हेल्काला कौतुकाने सांगायचा, "बघ, मी आधी काढतो आणि तो मला काढू देतो. मोठा माणूस आहे."

इकडे ओइवाला गाडीची एकेक लक्षणं कळायला लागली होती. ती आर्मासला टोपी काढते हे खरं, पण ती पत्रपेटीलाही काढते. लेम्पीआजीच्या पेटीवर चकाकती पट्टी होती, तिच्यासमोर ती रोज अदबीने झुकायची. रस्त्याच्या कडेला बर्फात रोवलेल्या खुणेच्या काठ्यांना काढायची. मूस हरणाचं चित्र असलेल्या पिवळ्या पाटीला काढायची. त्या वर्षी रेनडिअर दिसावेत म्हणून त्यांच्या गळ्यांत चकाकते पट्टे बांधले होते, आणि गाडी त्यांना ट्रक समजून दिवे खाली घ्यायची, म्हणजे जो दिसावा म्हणून पट्टा बांधला तो रेनडिअर पट्ट्यामुळेच अंधारात जायचा. चढावरून पलीकडे उतरताना समोरचा अगदी पुढ्यात येईपर्यंत तिला पत्ता नसायचा. आणि आरशामागच्या काचेवर दव धरलं की ती सरळ लिहून दाखवायची की आता मला काही दिसत नाही, तुमचं तुम्ही बघा.

एकदा संध्याकाळी हेल्का घसरगाडीवरून दुकानातून परत येत होती आणि ओइवा टपाल संपवून समोरून आला, तर गाडीने तिच्यावर पूर्ण अप्पर टाकला आणि शेवटपर्यंत टाकूनच ठेवला. हेल्का तोंडावर हात धरून बर्फाच्या ढिगात शिरली. तिच्या कोटाला चकाकता तुकडा लोंबत होता, पण तो गाडीच्या लेखी नगण्य होता.

"लेम्पीआजीच्या पत्रपेटीला टोपी काढतोस," हेल्का बर्फ झटकत म्हणाली, "आणि बायकोला ढिगात घालतोस."

"दिसली नाहीस."

"पेटी दिसते?"

यावर ओइवाकडे उत्तर होतं, पण ते देता आलं नसतं. त्या रात्री जेवणानंतर त्याने गाडीची पुस्तिका काढली. दोनशे सतराव्या पानावर सगळं लिहिलं होतं: गाडी पायी चालणाऱ्याला ओळखेलच असं नाही, पाट्यांना फसू शकते, चढावर उशीर करू शकते, फार हळू चालवलं तर दिवे खालीच ठेवते, आणि काही झालं तरी जबाबदारी चालवणाऱ्याची. त्याखाली चित्र होतं. दांडीच्या टोकाला बटण. दाबलं की आपोआप बंद, आणि सगळं परत चालवणाऱ्याच्या हातात.

ओइवाने ते पान दोनदा वाचलं. बटण दाबायला काही अडचण नव्हती. अडचण दुसऱ्या सकाळी सव्वासातला होती. बटण दाबलं असतं तर आर्मासला टोपी काढायची की नाही हे त्याला स्वतःच्या बोटाने ठरवावं लागलं असतं, आणि ते बोट त्या क्षणी काय करेल याची त्याला खात्री नव्हती. त्याने पुस्तिका मिटून परत ठेवली.

जानेवारीच्या मध्यावर आर्मासच्या गाडीचा हीटर बंद पडला. "उद्या मला कुंपणापर्यंत सोड दाजी," तो म्हणाला, "चारा तिथे ठेवलेलाच आहे." ओइवा हो म्हणाला. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

सकाळी उणे अठ्ठावीस. उजाडायला अजून दोन तास. आर्मास शेजारी बसला, सीट गरम झाली तसा एकदा खूश होऊन हुंकारला. लेम्पीआजीची पेटी आली आणि गाडीने टोपी काढली.

"कोण आलं?" आर्मासने विचारलं.

"कोणी नाही."

थोडं पुढे मूसची पाटी. दिवे खाली, दिवे वर.

"दाजी, तुझे डोळे तपासून घे," आर्मास म्हणाला. "पाट्यांना टोप्या काढायला लागलायस."

ओइवा हसला. ते हसणं त्याचं त्यालाच परकं वाटलं. थर्मासचं झाकण लागेना म्हणून आर्मासने थर्मासच त्याच्याकडे दिला. ओइवाने कोपराने स्टिअरिंग धरून दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. तेवढ्यात पुढे दोन चकाकते ठिपके दिसले आणि गाडीचे दिवे झुकले. दोन्ही हात झाकणावर होते. आर्मास ते बघत होता.

"थांब," आर्मास हळूच म्हणाला. "ते माझे पट्टे आहेत."

ओइवाने ब्रेक दाबला. गाडी बर्फावरून घसरत गेली आणि थांबली तेव्हा नाकासमोर, दिव्याच्या आखूड उजेडात, पट्टा नसलेलं एक पिल्लू उभं होतं. पट्टेवाले दोघे त्याच्या मागे. पिल्लाने एकदा गाडीकडे बघितलं, आणि सगळे सावकाश रस्त्यावरून उतरून गेले. इंजिन चालू होतं. सीट गरम होती.

"ही आपली आपण काढते," आर्मास म्हणाला.

"हो."

"रेनडिअरलाही."

"पट्टा असेल तर."

"पहिल्या दिवशीही हिनेच काढली?"

ओइवाने थर्मास पायाशी ठेवला. "आर्मास, मी सांगणार होतो."

"कधी? जीभ खाण्याआधी की नंतर?" आर्मासने हातमोजे घातले, एकेक बोट नीट सारत. "मी तुला विचारलं होतं, हात कसा हलला. बहिणीसमोर विचारलं होतं. तू म्हणालास, हलला आपला. तू मला टोपी काढली नाहीस, दाजी. घातलीस."

तो दार उघडून खाली उतरला आणि कुंपणाकडे चालायला लागला. चार किलोमीटर होते.

ओइवा मागून निघाला, माणसाच्या चालीने. एवढ्या हळू चालवलं की गाडी दिवे खालीच ठेवते, दोनशे सतरावं पान. आर्मासच्या पुढे अंधार होता आणि रस्त्यावर उघडा बर्फ. त्याचा पाय दोनदा सटकला. ओइवाने दांडी पकडली, ओढून धरली, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आर्माससाठी स्वतःच्या हाताने दिवा वापरला. पूर्ण अप्पर पेटवला, त्याला वाट दिसावी म्हणून. रस्ता लांबपर्यंत लख्ख झाला.

आर्मासने मागे न बघता हात वर केला, कोटाची कॉलर उभी केली, आणि रस्ता सोडून दलदलीतल्या बर्फात उतरला. तिकडे गाडी जाऊ शकत नव्हती.

घरी आल्यावर ओइवाने हेल्काला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. हेल्का ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "त्या दिवशी मी नळ सोडून उभी होते तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"होतं."

तिने कोट चढवला आणि बुधवार असून भावाकडे गेली.

दुसऱ्या सकाळी ओइवाने दांडीच्या टोकाचं बटण दाबलं. सरळ रस्त्यावर डावा पिवळसर दिवा दिसला, आर्मास हीटरशिवायच निघाला होता. ओइवाने बोटाकडे बघितलं. बोट हललं. एक किलोमीटरावरून हललं, धर्मगुरूंसाठीही त्याने इतक्या लांबून कधी काढली नव्हती. समोरून पूर्ण अप्पर आला आणि त्याच्या डोळ्यांतून आरपार गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. काळा चष्मा परत आला होता.

"त्याला सांग, आता मी हाताने काढतो," ओइवा हेल्काला म्हणाला.

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाला, हाताने काढलेली आणि गाडीने काढलेली यांत बाहेरून काय फरक दिसतो ते दाजीने मला दाखवावं."

ओइवाने त्यावर आठवडाभर विचार केला. यंत्र करणार नाही असं काहीतरी करायला हवं होतं. मग एका सकाळी त्याने टोपी काढली, घातली, काढली, जरा थांबून परत काढली, असं सात-आठ वेळा केलं. एकेकाळी या बोटाने तो गावाला बातम्या सांगायचा. आर्मासने दुकानात सांगितलं की दाजीची नवी गाडी बिघडलेली दिसते.

फेब्रुवारी संपता संपता सव्वासातला उजाडायला लागलं, आणि मग ऑक्टोबरपर्यंत त्या रस्त्यावर कोणाला अप्परची गरज पडली नाही. टपालाला दुसरा माणूस मिळाला नाही, म्हणून ओइवाची निवृत्ती एक वर्ष पुढे गेली. सप्टेंबरात आर्मासची जुनी गाडी तपासणीत नापास झाली आणि त्यानेही रोवानिएमीला जाऊन नवी घेतली. तिच्या आरशामागेही कॅमेरा आहे. हेल्काने पाहिलंय, पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, बटणाचं पान कोणी उघडलेलं नाही. पहिल्या अंधाऱ्या आठवड्यानंतर ओइवानेही आपल्या दांडीचं बटण परत दाबून दिवे गाडीच्या हवाली केले.

आता रोज सकाळी सव्वासातला, बरोबर चारशे मीटरांवर, दोन्ही गाड्या एकमेकींना टोपी काढतात. आतली माणसं बोलत नाहीत.